बरनमधली दगडी गढी कशी पाहावी

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात बरन नावाचा चुनखडीचा उघडा माळ आहे. तिथलं कॅहरकॉनेल नकाशावर ‘रिंगफोर्ट’ म्हणून दिसतं, पण रायगड-राजगड मनात धरून गेलात तर हिरमोड होईल. ही खात्यापित्या शेतकरी घराण्याची गढी: गोल तट आणि आत राहती घरं. देशभरात अशा सुमारे ४५,००० गढ्या, बहुतेक इ.स. ५०० ते १००० मधल्या. मातीच्या बांधाची ती ‘राथ’, दगडी ती ‘कॅहर’ किंवा ‘कॅशल’. कॅहरकॉनेल मात्र उशिराची, दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासची.

आत घाईने शिरू नका, आधी बाहेरून फेरी मारा. व्यास सुमारे ४२ मीटर, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या पावलाने साधारण १७६ पावलं. आकडा फार वाढला तर तुम्ही तटाऐवजी पडझडीच्या कडेने चाललात. तटाची जाडी मोजतानाही हीच चूक होते. कोसळलेले दगड पसरून ढिगारा मूळ भिंतीच्या दुप्पट दिसू शकतो. त्यात एका रेषेत बसवलेले खालचे मोठे दगड शोधा. तीच खरी बाहेरची बाजू. बांधणी चुना-मातीशिवाय, कोकणातल्या गडग्यासारखी. एखादा दगड हलवून पाहिला की वरचे चार सुटतात, म्हणून तटावर चढू नका.

दार बहुधा पूर्वेला किंवा आग्नेयेला असतं. कुठल्याही गढीच्या आत जमिनीवर लांबट खळगा दिसला तर त्यात पाय टाकू नका, खाली भुयाराचं खचलेलं छत असू शकतं. मातीच्या गढीत खंदकाकडेही बघा: खंदक बांधाच्या बाहेर असतो. आत असेल तर ते हेंज, म्हणजे त्याहून कितीतरी जुनं विधिस्थान असण्याची शक्यता जास्त.

मग आजूबाजूचे बांध पाहा, खरी मजा तिथे आहे. भिंतीच्या बुडाशी वाका. काही जुन्या भिंती कातळाच्या बुटक्या चौथऱ्यावर उभ्या दिसतात. हा चौथरा कुणी बांधलेला नाही. भोवतालची चुनखडी शतकानुशतकं पावसात विरघळली, भिंतीखालची झाकलेली राहिली. चौथरा जितका उंच तितकी भिंत जुनी, हा ढोबळ अंदाज. त्यावरून नेमकं साल काढायला जाऊ नका.

आर ४८० रस्त्याने उत्तरेला साधारण किलोमीटरभर गेलं की पुलनाब्रोन डोल्मेन, म्हणजे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेलं प्राचीन थडगं, लागतं. १९८५ मध्ये त्याच्या एका उभ्या शिळेला तडा दिसला. दुरुस्तीबरोबर उत्खनन झालं आणि किमान ३३ माणसांचे अवशेष मिळाले. दफनं इ.स.पू. ३८०० ते ३२०० ची. गढी आणि थडगं एकाच दुपारी पाहिल्यावर ती एकाच काळातली वाटू लागतात, प्रत्यक्षात मध्ये चार हजारांहून जास्त वर्षं आहेत.

दोन्हींसाठी तीन तास ठेवा. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन निवडा, भर दुपारी बुटके उंचवटे दिसतच नाहीत. कॅहरकॉनेलला तिकीट आहे आणि हिवाळ्यात ते बंद असतं. ओली चुनखडी शेवाळलेल्या घाटासारखी निसरडी होते आणि कातळातल्या भेगांत घोटा अडकतो, तेव्हा उंच बूट घाला. सुटे दगड रचून आठवणीचे छोटे डोल्मेन करू नका, त्यात जुन्या भिंतींचेच दगड जातात. मेटल डिटेक्टर तर बॅगेतही नको: परवान्याशिवाय प्राचीन वस्तू शोधायला तो वापरणं तिथे गुन्हा आहे.