मॉन्स्टेराची कुंडी बदलताना: माप, मिश्रण आणि नर्सरीची लाल माती

नर्सरीतून आणलेला मॉन्स्टेरा (मोठ्या, कापल्यासारख्या पानांचा शोभेचा वेल) एक-दोन पावसाळे जोमाने वाढतो आणि मग अडतो. उजेड पुरेसा असूनही नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं. घातलेलं पाणी कडेकडेने लगेच खाली उतरतं आणि दुसऱ्याच दिवशी पानं मलूल दिसतात. अशा वेळी खत घालायची घाई करू नका, आधी कुंडी उचलून तळ बघा. भोकांतून मुळं बाहेर आली असतील किंवा प्लास्टिकची कुंडी बाजूने फुगली असेल, तर झाडाला जागा कमी पडते आहे. खोडातून फुटणारी जाड, तपकिरी हवाई मुळं मात्र याची खूण नव्हेत. कुंडी केवढीही असली तरी ती येणारच.

महाराष्ट्रात या कामाला सगळ्यात चांगला काळ म्हणजे जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचा. हवेत ओलावा असतो आणि झाड वाढीला लागलेलं असतं. फेब्रुवारीअखेर ते मार्चही चालतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे टाळाच, कारण दुखावलेली मुळं पुरवतात त्यापेक्षा जास्त पाणी त्या उन्हाळ्यात पानांतून उडून जातं. थंडीत वाढ मंद असते, त्यामुळे जखमा लवकर भरत नाहीत. मुळं कुजायला लागली असतील तर मात्र महिना बघत बसू नका.

कुंडी केवढी?

आत्ताच्या कुंडीपेक्षा फक्त २ इंच रुंद. ८ इंची असेल तर १० इंची, त्याहून मोठी नको. “परत परत बदलायला नको” म्हणून एकदम १४ इंची कुंडी घेणं हे मॉन्स्टेरा मरण्याचं फार मोठं कारण आहे. मुळं पोचलेली नाहीत तिथलं पाणी कोणी पीत नाही, ते मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं, त्यातली हवा संपते आणि मुळं कुजतात. हा वेल मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या दमट जंगलांतला. तिथे तो झाडांच्या खोडांवर चढतो आणि त्याची मुळं पालापाचोळ्यात, सालीच्या फटींत हवा खात वाढतात. कुंडीतही त्याला तेच हवं असतं.

मातीची कुंडी लवकर सुकते, म्हणून मुंबई-कोकणात ती बरी. कोरड्या हवेच्या गावात प्लास्टिकची सोयीची. मातीची कुंडी नवी असेल तर ३-४ तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती मिश्रणातला ओलावा शोषून घेते. प्लास्टिकच्या कुंड्यांची भोकं बरेचदा अर्धवट बंद असतात, ती गरम स्क्रू ड्रायव्हरने उघडून घ्या. तळाला विटांचे तुकडे किंवा खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडतं. म्हणजे ओला भाग मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

मिश्रण

१० इंची कुंडीला साधारण ८ लिटर मिश्रण तयार ठेवा. १ लिटरचा डबा माप म्हणून घ्या: कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) २ डबे, नारळाच्या सोडणाचे तुकडे (दुकानात कोको चिप्स म्हणून मिळतात) ३ डबे, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) २ डबे, गांडूळखत १ डबा आणि वर एक मूठ निंबोळी पेंड. कोकणात आणि मुंबईत कोकोपीट १ डबा कमी करून तेवढेच चिप्स वाढवा. नागपूर-अकोल्याकडे उलट, कोकोपीट ३ आणि चिप्स २.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट ४ लिटर पाण्यात भिजवली की फुगून ८ लिटरच्या आसपास होते. ते तसंच वापरू नका, त्यात क्षार असतात. जुन्या सुती कापडात बांधा, बादलीत खळबळून पिळा आणि पाणी बदलून हे तीनदा करा. पहिलं पाणी गर्द चहाच्या रंगाचं निघतं, तिसरं बरंच फिकं. चिप्सही रात्रभर भिजवून तसेच धुवा. परलाइटची धूळ नाकात जाते, म्हणून पिशवी उघडताच त्यावर थोडं पाणी शिंपडा. परलाइट मिळत नसेल तर विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, चाळून भुकटी काढलेले, चालतात. कुंडी जड होईल एवढंच. शेतातली काळी माती यात अजिबात नको.

झाड काढणं आणि लाल माती सोडवणं

आदल्या दिवशी पाणी द्या. काम सुरू करण्याआधी पानं कापडाच्या पट्टीने सैलसर बांधून घ्या आणि हातमोजे घाला. मॉन्स्टेरा अळूच्याच कुळातला आहे, त्याच्या चिकात तसेच सुईसारखे स्फटिक असतात आणि हाताला खाज सुटते. लहान मुलं आणि मांजर-कुत्री लांब ठेवा.

कुंडी आडवी करा, चहूबाजूंनी दाबा आणि झाड सरकवत बाहेर घ्या. खोड धरून ओढू नका. निघत नसेल तर कडेने सुरी फिरवा. काळ्या पिशवीतलं रोप असेल तर पिशवी ब्लेडने उभी चिरा.

आता मुख्य काम. आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्या रोपं चिकट लाल मातीत लावतात. ती सुकली की दगडासारखी घट्ट होते. असा गड्डा तसाच उचलून भुसभुशीत कोकोपीटमध्ये ठेवला की पाणी बाजूच्या मोकळ्या मिश्रणातून निघून जातं, मधला गड्डा कोरडाच. बाहेरून कुंडी ओली दिसते आणि झाड आत तहानेने सुकतं. एकदा का तो गड्डा भिजला की मग दहा-दहा दिवस चिखल. म्हणून गड्डा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवा, बोटांनी खालून वर हलकेच चोळत माती सोडवा आणि पाणी गढूळ झालं की बदला. निघेल तेवढी माती काढा. खोडाला लागून मुठीएवढी राहिली तर राहू द्या, ती काढण्याच्या नादात बारीक मुळं तुटतात. आधीपासून कोकोपीटमध्ये असलेल्या झाडाला एवढं धुवायची गरज नाही. तळाशी गोल फिरलेली मुळं सोडवा आणि बाहेरचा एक तृतीयांश भाग झाडा.

मुळं नीट बघा. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतं. कुजलेलं मूळ काळपट आणि लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघून येते, आत नुसता दोरा उरतो. अशी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा. जास्त कापाकापी झाली असेल तर झाड सावलीत ४-५ तास ठेवून काप सुकू द्या. एका कुंडीत दोन-तीन रोपं निघणं नेहमीचंच आहे. गुंता सहज सुटला तर वेगळी लावा.

लावणी

आधार द्यायचा असेल तर तो आत्ताच, नंतर खुपसला तर मुळं तुटतात. काथ्या गुंडाळलेली काठी थेट तळापर्यंत जाऊ द्या. वेलाची पाठ, म्हणजे हवाई मुळं फुटतात ती बाजू, काठीकडे करा. सुतळीने खोड बांधा, पानाचा देठ नाही. खालची हवाई मुळं वळत असतील तर मिश्रणात सोडा.

खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. बुंधा खोल पुरला की तो कुजतो. मिश्रण भरताना कुंडी जमिनीवर हलकेच आपटा, हाताने ठासून दाबू नका. वर १ इंच जागा सोडा, मग खालून निथळेपर्यंत पाणी द्या. बशीत साठलेलं पाणी ओतून टाका.

पुढचे चार-सहा आठवडे

पहिले दोन आठवडे थेट ऊन नको, खिडकीतला भरपूर पण पडद्याआडचा उजेड हवा. पुढचं पाणी दिवस मोजून देऊ नका. बोट २ इंच आत घाला, कोरडं लागलं तरच द्या. पहिला आठवडाभर पानं किंचित झुकतात. त्यात घाबरून रोज पाणी घातलं की झाड हमखास हातचं जातं. एखादं जुनं पान पिवळं पडलं तर चालेल. मिश्रण ओलं असताना तीन-चार पानं एकदम पिवळी पडायला लागली तर झाड परत काढून मुळं तपासा. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या तर कोकोपीट नीट धुतलं गेलं नसण्याची शक्यता मोठी. कुंडीत एकदा ३-४ लिटर साधं पाणी हळूहळू ओतून निथळू द्या. मिश्रणावर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर वरचा थर जास्त वेळ ओला राहतो आहे. सकाळी पानांच्या टोकांना लटकणारे पाण्याचे थेंब मात्र रोग नव्हे.

खत नवं पान उलगडायला लागल्यावरच. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) असेल तर लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, महिन्यातून दोनदा पुरे. साधारण दोन वर्षांनी परत हेच. झाड उचलता येणार नाही एवढं मोठं झालं असेल तर वरचं २ इंच मिश्रण खुरपीने काढून तिथे ताजं भरा.