शाळेत पैशाचा आणि कामाचा तास : गावातल्या माणसांना सोबत घेऊन कसा घ्यावा?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे 'कमवा आणि शिका' रुजवलं. त्याच सातारा जिल्ह्यात आठवीच्या मुलाला चक्रवाढ व्याज सोडवता येतं, पण घरचं दूधबिल वाचता येत नाही, हे मनाला लागतं. ते शिकवणारी माणसं गावातच आहेत.

१. आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोला. शनिवारचा एक तास मागा. सहावी ते आठवीचे वर्ग घ्या. तासाला वर्गशिक्षक हजर हवेतच.

२. चार-पाच माणसं निवडा : डेअरीचे सचिव, शिवणकाम करणाऱ्या ताई, एसटीचे वाहक, निवृत्त बँक कर्मचारी. 'मोठ्या' पाहुण्यांच्या मागे लागू नका. भाषण नको, रोजच्या कामातला एखादा कागद घेऊन या, एवढंच सांगा.

३. खरी मजा त्या कागदात आहे. समजा, डेअरीचं दहा दिवसांचं बिल आहे. रोज ८ लिटर, म्हणजे ८० लिटर. दर ३४ रुपये. झाले २७२० रुपये. मुलं खूश होतात. मग सचिवांनी खालची कपात दाखवावी : पेंडीचं पोतं, १६०० रुपये. हातात उरले ११२०. आता विचारा, वैरण कुणी कापली? पहाटे धार कुणी काढली? त्यांची मजुरी कुठे लिहिलीय? इथे घाई करू नका, मुलांना बोलू द्या. फॅट कमी लागली की दर का उतरतो, तेही इथेच निघतं.

४. मुलांच्या घरचं कर्ज, उत्पन्न वर्गात विचारू नका. आकडे नेहमी नमुन्याचे घ्या.

५. मग शाळेत बाजार भरवा. भाजी, भेळ, काहीही चालेल. मात्र वहीत भांडवल, विक्री, उरलेला माल आणि आईने केलेलं काम, सगळं लिहायचं. ज्याला तोटा झाला, त्याची वही आधी वाचा. त्यातून सगळा वर्ग शिकतो.

६. शेवटी पोस्टात न्या. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं चालवता येतं, सुरुवातीला ५०० रुपये लागतात. ज्यांच्याकडे तेवढे नाहीत त्यांनीही स्लिप भरायला शिकावं. कोऱ्या स्लिपा आदल्या दिवशीच मागून ठेवा.