वाताचा पेशंट तपासताना कातडी कशी पाहावी

हाडांच्या ओपीडीत ‘मना गुडघा दुखस’ म्हणत आलेला पेशंट गुडघा दाखवून जातो. स्किनच्या ओपीडीत आलेला चट्टा दाखवून जातो. धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजात पोस्टिंग असो, हे दोन पेशंट अनेकदा एकाच आजाराचे असतात. कुष्ठरोग, सोरायसिस (खवलेदार चट्ट्यांचा आजार), ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), डर्मॅटोमायोसायटिस (कातडी आणि स्नायूंची सूज), सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) या सगळ्यांत कातडी आणि सांधे-स्नायू दोन्ही बोलतात. म्हणून सांधा दुखणाऱ्याचे कपडे काढून कातडी पाहायची आणि चट्टेवाल्याचे सांधे, नसा, स्नायू तपासायचे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने ही सवय लावून घेतली की निम्मी निदानं हाताशी येतात.

आधी उजेड. पेशंटला खिडकीजवळ बसवा. ट्यूबलाइटखाली फिकट चट्टे दिसत नाहीत. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर पुस्तकातला ‘लाल’ रंग लाल दिसतच नाही, तो जांभळट किंवा तपकिरी दिसतो. पडदा लावा, बाई पेशंट असेल तर सोबत सिस्टर हवीच. केळीच्या बागेत काम करणाऱ्यांच्या बोटांवर, नखांवर चिकाचे काळे डाग असतात. ते आजाराचे समजू नका आणि त्यांच्याआड काय दडलं आहे ते पाहायला विसरू नका.

हिस्टरीत ‘सकाळी सांधे आखडतात का’ एवढंच विचारलं तर सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा ‘उठल्यावर भाकरी थापण्याएवढे हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?’ असं विचारा. अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर सुजेचा सांधेदुखा मनात धरा. काम केल्यावर दुखतं आणि बसलं की बरं वाटतं, तर झिजेकडे झुकतं माप. एकच सांधा गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल, तर बाकी काहीही दिसो, पू झालाय असं धरूनच चाला. पाणी काढून तपासायला पाठवा, आणि सुई सोरायसिसच्या चट्ट्यातून किंवा पिकलेल्या कातडीतून घालू नका, नाहीतर जंतू तुम्हीच आत नेऊन ठेवाल.

तपासणी हातापासून सुरू करा आणि कोपरावर थांबा. कोपर ही फार कामाची जागा आहे. मागच्या बाजूला सोरायसिसचा खवलेदार चट्टा, ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची गाठ आणि गाऊटचा टोफस (युरिक अ‍ॅसिड साचून झालेली गाठ) या तिघांचंही हे ठिकाण, आणि आतल्या बाजूच्या खाचेत अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस. कुष्ठरोगात ही जाड किंवा दुखरी होते. पेशंटचा कोपर वाकवून त्याचा हात तुमच्या हातावर टेकवा. मीडियल एपिकाँडाइल (कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा) आणि ओलेक्रॅनॉन (कोपराचं टोक) यांच्यामधल्या खाचेत बोटांचा मऊ भाग ठेवून नस हळूच सरकवा आणि तिथून दंडाकडे थोडी वर जात पाहा. नखाच्या टोकाने दाबलं तर निरोगी माणसालाही झिणझिण्या येतात आणि विद्यार्थी केसशीटवर ‘नस दुखरी’ लिहून मोकळा होतो. दाबताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर हवी. दुसऱ्या बाजूशी तुलना केल्याशिवाय ‘जाड’ म्हणू नका. याच पद्धतीने फिब्युलाच्या (पोटरीतल्या बाहेरच्या हाडाच्या) मानेमागे, गुडघ्याच्या जरा खाली कॉमन पेरोनियल, आतल्या घोट्याच्या मागे-खाली पोस्टीरियर टिबियल आणि मान वळवून मानेच्या बाजूची ग्रेट ऑरिक्युलर या नसा पाहा.

फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला की कुष्ठरोगासाठी संवेदना तपासलीच पाहिजे. उन्हाळ्यात खानदेशात सगळं अंग घामाने निथळत असताना एखादा चट्टा कोरडा आणि लव नसलेला दिसला, तर तेवढ्यावरही शंका घ्या. बॉलपेनचं टोक कातडीला किंचित खळगा पडेल इतकं टेकवा. ओढू नका, सरकता स्पर्श बधिर भागाच्या कडेलाही कळतो. आधी उघड्या डोळ्यांनी, चांगल्या कातडीवर काय करायचं ते दाखवा. मग म्हणा, ‘डोळे मिटा, जिथे लागेल तिथे बोट ठेवा.’ ‘कळतंय का?’ असं विचारू नका, दर वेळी हो मिळेल. स्पर्शाची लयही बदलत राहा, नाहीतर पेशंट अंदाजाने बोट ठेवतो. चेहऱ्यावर अनेक नसांचे भाग एकमेकांवर येतात, त्यामुळे तिथल्या चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते. शेतात अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायावर जाड घट्टे असतात, तिथे बधिरपणाचा शिक्का लगेच मारू नका.

लगोलग स्नायूंची ताकद पाहा. तळहात वर, करंगळी बाहेर ताणायला सांगा आणि तिच्या बुडाशी दाब द्या: ही अल्नर. अंगठा छताकडे: मीडियन. मनगट वर: रेडियल. पाऊल वर: पेरोनियल. डोळे गच्च मिटणं: फेशियल. सबळ, कमकुवत, लुळा असं तिन्हीपैकी एक लिहा, तारखेसह. तारीख यासाठी की कुष्ठरोगातली सहा महिन्यांच्या आतली दुर्बलता प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने सुधारण्याची शक्यता असते आणि उशीर झाला की हाताचा पंजा कायमचा वाकडा राहतो. रिअ‍ॅक्शन (चट्टे, नसा अचानक सुजणं) आली म्हणून एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची अनेक औषधांची एकत्र ट्रीटमेंट, थांबवायची नसते. एक ते पाच चट्टे म्हणजे पॉसिबॅसिलरी (कमी जंतूंचा) कुष्ठरोग, सहा किंवा जास्त म्हणजे मल्टिबॅसिलरी (जास्त जंतूंचा). एकाहून जास्त नसा धरलेल्या असल्या किंवा स्मिअर (कातडीतल्या द्रवाची जंतूंसाठी तपासणी) पॉझिटिव्ह आला, तरीही मल्टिबॅसिलरीच.

इथेच मोठी चूक होते. कुष्ठरोगाच्या टाइप टू रिअ‍ॅक्शनमध्ये ताप, दुखऱ्या गाठी आणि सुजलेले सांधे येतात. लेप्रोमॅटस (जंतू खूप असलेल्या) कुष्ठरोगात संधिवातासाठीची ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही रक्ततपासणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. कातडी आणि नसा न पाहिलेल्या डॉक्टरच्या हातून हा पेशंट ‘संधिवात’ म्हणून वर्षं काढतो. कानाच्या पाळ्या जाड आहेत का, बाहेरच्या बाजूच्या भुवया विरळ झाल्यात का, एवढं पाहिलं तरी वाचतो.

सोरायसिस लपून बसतो: केसांत, कानामागे, बेंबीत, नितंबांच्या फटीत. नखं तिरप्या उजेडात पाहा, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसतात. डीआयपी (नखाजवळचा बोटाचा) सांधा सुजला असेल तर तो दाबा. हाडासारखा कडक फुगवटा असेल तर झीज, मऊ असेल आणि त्याच बोटाचं नखही बिघडलेलं असेल तर सोरायसिसचा सांधेदुखा. सगळं बोट फुगलं असेल किंवा टाचेमागच्या अकिलिस टेंडनला दाबल्यावर दुखत असेल तर शंका आणखी पक्की. बुरशीने बिघडलेलं नख हुबेहूब तसं दिसतं, म्हणून नखाची खरवड केओएचमध्ये (बुरशी दिसण्यासाठीचं द्रावण) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. अशा पेशंटला सांध्यासाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सहज लिहू नका. त्या थांबल्या की अंगभर पुवाच्या फोडांसह सोरायसिस उसळू शकतो. कुठून स्टिरॉइडचं ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेतलंय का, हे प्रत्येकाला विचारा.

बोटांच्या पेरांवर लक्ष द्या: जांभळट चट्टे थेट सांध्यांवर असतील तर डर्मॅटोमायोसायटिस, सांध्यांच्या मधल्या भागात असतील तर ल्युपस. पहिल्यात पेशंटला उकिडवं बसवून हात न टेकता उठायला सांगा. ‘दुखतं म्हणून उठत नाही’ आणि ‘जोरच नाही’ हे वेगळं लिहा. चाळिशीपुढे डर्मॅटोमायोसायटिस आढळला तर कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो. ल्युपसचा गालावरचा पुरळ नाकाजवळच्या घडीत नसतो. ताप आणि सांधेदुखी होऊन गेल्यावर नाकावर काळपटपणा उरला असेल, तर चिकुनगुनिया आठवा.

धडगाव, अक्कलकुव्याकडून भिल्ल किंवा पावरा समाजातलं लहान मूल दोन्ही हात-पाय सुजून, रडत आलं, तर सिकलसेल विचारात घ्या. मोठ्यांत घोट्यावर न भरणारी जखम आणि लंगडत चालणं अशी जोडी असेल, तर मांडी आत वळवून पाहा. दुखलं आणि अडलं तर फीमरच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सॉल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची प्राथमिक तपासणी) पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण ते कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) लागते. ताप असेल आणि दुखणं एकाच हाडात असेल, तर सिकलसेलचा क्रायसिस (दुखण्याचा झटका) म्हणून फक्त पेनकिलरवर ठेवू नका. ऑस्टिओमायलायटिस (हाडातला जंतुसंसर्ग) असू शकतो आणि सिकलसेलमध्ये साल्मोनेला हा जंतू नेहमीच्या जंतूंइतकाच महत्त्वाचा, म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर काढून ठेवा.