मार्था वॉशिंग्टनच्या काळातला ख्रिसमस घरी कसा करायचा

मार्था म्हणजे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची बायको, राहायची व्हर्जिनियात. सगळ्यात आधी ट्री आणि सँटा माळ्यावर टाका. अमेरिकेत ब्रिटिशांचं राज्य होतं तेव्हा व्हर्जिनियात ट्रीची पद्धतच नव्हती, तिथल्या विल्यम्सबर्ग गावात पहिला ट्री सजला तो थेट १८४२ मधे. आणि ख्रिसमस करायचा तर व्हर्जिनियाचाच करा, उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्सचा नको, तिथे १६५९ ते १६८१ ख्रिसमस पाळताना सापडलात तर ५ शिलिंग दंड होता, म्हणजे सण राहिला बाजूला वर पैसे भरा!

सजावट सोपी आहे, होली, आयव्ही असल्या हिरव्या फांद्या. आपल्याकडे त्या मिळत नाहीत, मग जे हिरवं मिळेल ते खिडकीत खोचा. आदल्या संध्याकाळी तिकडे बंदुकीचे बार काढायचे, ते सोडून द्या, शेजारी पोलीस बोलावतील.

गिफ्ट एकमेकांना द्यायची नाहीत, मालकाने नोकरांना, मोठ्यांनी पोरांना द्यायची. आपली दिवाळीची पोस्तच म्हणा ना.

आता खरी मजा, केक. मार्था वॉशिंग्टनची रेसिपी तिच्या नातीने उतरवून घेतली त्यात ४० अंडी आहेत! ती फेटायला गुलाम होते हे विसरू नका, मार्थाबाई स्वतः फेटत बसल्या नसणार. आपण दहावा हिस्सा करू.

४ अंडी फोडून पांढरं आणि बलक वेगळं करा, पांढरं भरपूर फेसाळ होईपर्यंत फेटा कारण बेकिंग पावडर यात नाही, केक फुगणार तो या फेसावरच. १८० ग्रॅम बटर हलकं होईपर्यंत घोटा, त्यात फेस चमचा चमचा करत घाला (घाई केली की फाटतं), मग तसंच १८० ग्रॅम पिठीसाखर, मग बलक, २२५ ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम मनुका-बेदाणे, चिमूटभर जायपत्री, थोडं जायफळ, २ चमचे वाइन, जरा ब्रँडी. १७० डिग्रीला तासभर, पण ५० मिनिटांनी सुरी खुपसून बघा.

२५ तारखेलाच संपवू नका हां. सण १२ दिवसांचा, ६ जानेवारीपर्यंत, आणि शेवटच्या रात्री तर मोठा केक हवाच. मार्था आणि जॉर्जचं लग्नही १७५९ च्या ६ जानेवारीलाच झालेलं, म्हणजे त्यांच्याकडे त्या दिवशी डबल पार्टी.