पावसाआधी गोठ्याच्या भेगा बुजवा: राखणीच्या कुत्र्याचा गोचीड ताप

मेअखेर कौले चाळायची, कडबा झाकायचा, बांध सावरायचे दिवस असतात. त्याच कामांत आणखी एक धरा: वस्तीवरचा कुत्रा पावसाळ्यात जिथे बसतो, त्या जागेच्या भिंती. उन्हाळाभर झाडाखाली नाहीतर खळ्यावर पडून राहणारा कुत्रा पाऊस लागला की गोठ्यात, पडवीत, कांदाचाळीच्या आडोशाला येतो. तिथल्या भेगांत उपाशी गोचीड टपून असतात. उबदार, दमट हवेत त्यांची पैदास झपाट्याने होते आणि मग अंग टाकलेली, अन्न सोडलेली कुत्री दवाखान्यात येऊ लागतात.

कुत्र्याचा हा गोचीड ताप एर्लिकिया कॅनिस नावाच्या जिवाणूमुळे येतो. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरून वाढतो. गाईम्हशींच्या आजारालाही आपण गोचीड तापच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. जनावरांतले थायलेरिया आणि बबेसिया हे एकपेशीय परजीवी आहेत. त्यांची औषधे या जिवाणूवर चालत नाहीत. गाईसाठी आणलेले डिमिनाझीन उरले म्हणून कुत्र्याला अंदाजाने टोचणे तर जिवावर बेतते. कुत्र्यात त्याची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते.

गोचीडही निराळा. गाईवरचा नेहमीचा गोचीड पिल्लापासून मोठा होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली उतरतो, भेगेत कात टाकतो आणि पुन्हा कुत्र्यावर चढतो. म्हणजे आयुष्यात तीनदा कुत्रा, बाकी सगळा काळ भिंत. मादी एका वेळी हजारो अंडी घालते, तीही आढ्याकडे, चौकटीमागे, दगडी जोत्याच्या सांध्यांत. हवा मानवली तर दोन-अडीच महिन्यांत नवी पिढी तयार होते आणि मोठा गोचीड वर्षभरही उपाशी तग धरतो. कुत्रा धुऊन काढला, चार दिवसांत अंगावर पुन्हा गोचीड दिसले आणि ‘औषध बोगस निघाले’ असे म्हटले गेले, तर चूक बहुतेक वेळा औषधाची नसते. भिंत तशीच राहिलेली असते.

म्हणून सुरुवात भिंतीपासून करा. कुत्र्याचे गोणपाट जाळून टाका किंवा उकळत्या पाण्यातून काढा. भिंती कोरड्या असतानाच भेगा सिमेंटने किंवा चुन्याने बुजवा. त्याआधी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, लेबलवर जागा फवारण्यासाठी दिलेल्या प्रमाणात, भेगांत आणि भिंतीवर पार आढ्यापर्यंत मारा. नुसती जमीन फवारून उपयोग नाही, हा गोचीड वर चढतो. अंड्यांवर फवारणीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून दर १४ दिवसांनी, निदान तीन वेळा फवारा. फवारताना जनावरे, कोंबड्या आणि कुत्रा बाहेर काढा, गव्हाण, वैरण आणि पाण्याचा हौद झाका, हातमोजे घाला. जागा पूर्ण वाळल्यावरच त्यांना आत घ्या. उरलेले द्रावण ओढ्यात किंवा शेततळ्यात ओतू नका, त्याने मासे मरतात. घरात मांजर असेल तर जास्त जपा. कुत्र्याला चालणारी, याच गटातली परमेथ्रिनसारखी औषधे मांजराला मारक ठरतात. फ्लेम गनने भिंत भाजण्याची पद्धत आहे, पण कडब्याशेजारी ती नकोच.

मग कुत्र्याकडे वळा. कानाच्या आत, मानेवर पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्यांत बोटे फिरवून पाहा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखाने चिरडू नका, रॉकेल लावू नका, विडीचा चटका देऊ नका.

अंगावर काय लावायचे? फिप्रोनिलचा पाव टक्क्याचा फवारा किलोमागे ३ ते ६ मिली, केस उलटे फिरवत, कातडीपर्यंत. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको. साडेबारा टक्क्यांचे अमिट्राझ वापरायचे तर लिटरभर पाण्याला २ ते ४ मिली. अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका, लहान पिल्लांना ते लावू नका. फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनरच्या खायच्या गोळ्या चांगल्या चालतात, मात्र फेफरे येणाऱ्या कुत्र्याला त्या डॉक्टरांना विचारूनच द्या. या गोळ्यांची एक मर्यादा ध्यानात ठेवा: गोचीड चावल्यावरच मरतो, आणि हा जिवाणू चावल्यापासून काही तासांतच कुत्र्यात उतरू शकतो. गोळी चालू आहे म्हणून भिंत सोडून चालणार नाही. पिकावरची कीटकनाशके कुत्र्याच्या अंगावर कधीही लावू नका. क्लोरपायरीफॉससारखे औषध कातडीतून आत जाते. लाळ गळते, अंग थरथरते आणि कुत्रा हातचा जातो.

गोचीड चावल्यावर साधारण ८ ते २० दिवसांनी ताप चढतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, ते १०४ च्या पुढे जाते. भाकरी हुंगून सोडतो, वाहनामागे धावत नाही, जबड्याखाली आणि मांडीमागे गाठी लागतात. हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, नाकातून रक्त, डोळ्यावर निळसर धूसरपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फसवी गोष्ट अशी की उपचाराविनाही दोन-चार आठवड्यांत कुत्रा सावरल्यासारखा दिसतो. जिवाणू मात्र आत राहतो आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, हाडातल्या मज्जेवर घाला घालतो. त्या टप्प्यावर आलेला कुत्रा वाचवणे फार कठीण. जर्मन शेफर्डला हा आजार जास्त जड जातो.

रक्त तपासताना प्लेटलेटचा आकडा आधी पाहतात. निरोगी कुत्र्यात तो साधारण २ ते ५ लाख असतो, या आजारात खूप खाली येतो. काचपट्टीवर जिवाणू सापडला तर निदान पक्के, पण तो बऱ्याचदा सापडत नाही. तेवढ्यावरून आजार नाही असे धरू नका. मुंबईत परळ, तसेच शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत कुत्रे दाखवता येते.

उपचार डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच: डॉक्सिसायक्लिन, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, सलग २८ दिवस. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. २० किलोच्या कुत्र्याला रोज २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन, एकूण ५६ कॅप्सूल. त्या पहिल्याच दिवशी एकदम आणून ठेवा. उपचार बिघडतो तो इथेच. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा शेपूट हलवत जेवतो आणि पाचव्या दिवशी गोळ्या थांबतात. औषध उपाशीपोटी दिले तर उलटी होते. दुधातून दिले तर कॅल्शियममुळे ते नीट शोषले जात नाही. उकडलेल्या अंड्यात किंवा कलेजीच्या तुकड्यात घालून, जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा. घशात अडकलेली गोळी अन्ननलिका भाजते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घरातून देऊ नका. प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव वाढतो, आणि स्नायूत दिलेल्या सुईच्या जागीही रक्त साकळते.

तीन दिवसांत उतार पडला नाही, लघवी कॉफीसारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर सोबत कुत्र्यांतला बबेसियाही असण्याची शक्यता मोठी. तोच गोचीड दोन्ही आणतो, आणि नुसत्या डॉक्सिसायक्लिनने बबेसिया हटत नाही. गोळ्या संपल्यावर महिन्याने प्लेटलेट पुन्हा मोजा. प्रतिपिंडांची चाचणी बरे झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येते, तेवढ्यावरून पुन्हा गोळ्या सुरू करू नका. या आजाराची लस नाही आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नाही.

कुत्र्याला हात लावल्याने माणसाला हा ताप येत नाही. मात्र हाच तपकिरी गोचीड माणसाला चावला तर रिकेट्सिया या दुसऱ्या जिवाणूचा ठिपक्यांचा ताप देऊ शकतो. घरात कोणाला ताप, जोराची डोकेदुखी आणि तळहात-तळपायांवरही लाल पुरळ दिसले तर डॉक्टरांना गोचिडाचे आवर्जून सांगा. गोचीड काढताना हातमोजे घालायचे आणि मुलांना त्या कामापासून लांब ठेवायचे, ते एवढ्यासाठीच.