संशोधनाची मोजदाद आणि त्याच्या प्रभावाचा पुरावा कसा मांडावा

पदोन्नतीचा अर्ज, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा अहवाल किंवा निधीसाठीचा प्रस्ताव करताना प्राध्यापकांना आपल्या संशोधनाचा हिशेब द्यावा लागतो. काम किती झाले आणि त्याचा कोणाला काय उपयोग झाला, हे दोन प्रश्न तेव्हा सुटे ठेवावेत, कारण पहिल्याला यादी पुरते आणि दुसऱ्याला पुरावा लागतो.

यादीत शोधनिबंधांबरोबर पुस्तके, संपादित ग्रंथांतील प्रकरणे, पेटंट आणि पीएच.डी.चे मार्गदर्शनही नोंदवावे. त्याआधी ऑर्किडचा (ओआरसीआयडी), म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख ठरवणारा, 16 अंकी क्रमांक घ्यावा. तो विनामूल्य मिळतो. मराठी नावांच्या बाबतीत तो विशेष गरजेचा आहे. कधी आडनाव आधी, कधी नुसती आद्याक्षरे, कधी वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये, अशा फरकांमुळे स्कोपससारख्या, शोधनिबंध आणि त्यांचे संदर्भ नोंदवणाऱ्या सूचीत एकाच व्यक्तीची दोन-तीन खाती तयार होतात आणि सायटेशन (इतरांनी आपल्या कामाचे दिलेले संदर्भ) विभागली जातात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे यात सर्वाधिक नुकसान होते. अशी खाती एकत्र करण्याची विनंती स्कोपसकडे करता येते. गूगल स्कॉलरवर मात्र नेमकी उलट अडचण येते, कारण तेथे नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे निबंध आपल्या खात्यात येऊन बसतात; म्हणून आपोआप भर घालण्याची सोय बंद ठेवावी.

यादी स्वच्छ झाली की आकड्यांकडे वळावे. हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवलेला एच-इंडेक्स हाताने काढून पाहिला की नीट समजतो. ज्यांतील प्रत्येकाला किमान तितकीच सायटेशन आहेत, अशा निबंधांची सर्वांत मोठी संख्या म्हणजे एच-इंडेक्स. समजा, सात निबंधांना उतरत्या क्रमाने 24, 11, 7, 5, 4, 2 आणि 0 सायटेशन आहेत. चौथ्या निबंधाला 5, म्हणजे चारपेक्षा कमी नाहीत. पाचव्याला 4, म्हणजे पाचांपेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स 4. पहिल्या निबंधाला 24 ऐवजी 240 सायटेशन असती तरीही तो 4 च राहिला असता, यावरून त्याची मर्यादा कळते. वाढत्या सेवाकाळाबरोबर तो वाढतो, कमी होत नाही, त्यामुळे नवख्या सहायक प्राध्यापकाची निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाशी त्यावरून तुलना करणे अन्यायाचे आहे. गणित आणि वैद्यक यांची तुलनाही तशीच चुकीची, कारण विषयागणिक संदर्भ देण्याची रीत वेगळी असते. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स एकाच व्यक्तीचे वेगवेगळे आकडे दाखवतात, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे स्रोत आणि पाहिल्याची तारीख लिहावीच.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे आधीच्या दोन वर्षांतील लेखांना एका वर्षात मिळालेल्या सायटेशनची सरासरी, हा नियतकालिकाचा असतो, लेखकाचा नसतो. 2022 आणि 2023 मध्ये छापलेल्या 90 लेखांना 2024 मध्ये 180 सायटेशन मिळाली, तर त्या नियतकालिकाचा 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर 2 होतो. त्यांतील आपल्या लेखाला एकही मिळालेले नसू शकते. निवड, पदोन्नती आणि निधी ठरवताना हा आकडा संशोधकाच्या गुणवत्तेच्या जागी धरू नये, अशी भूमिका संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने घेतली आहे. भलत्याच संस्थांनी दिलेले ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मिरवणारी नियतकालिके आपल्याकडे पुष्कळ आहेत, तेव्हा इम्पॅक्ट फॅक्टर अधिकृतपणे जाहीर करणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालात नियतकालिकाचे नाव आहे का, हे ग्रंथपालांकडून तपासून घ्यावे. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद केल्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता महाविद्यालयांवर अधिक आली आहे.

मराठीतून होणारे संशोधन या सूचींत फारसे येतच नाही. मराठी साहित्य, इतिहास किंवा लोकसंस्कृती यांवर आयुष्यभर काम केलेल्या अभ्यासकाच्या नावापुढे तेथे शून्य दिसते, आणि तो शून्य गुणवत्तेचा मानला जातो, हे मला अत्यंत अयोग्य वाटते. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे, हे संशोधनाच्या मोजमापाविषयीच्या 2015 च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक आहे. अशा अभ्यासकाने पुरावा स्वतः जमवावा. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध बहुधा प्रकरणवार फायलींत असतात. आपल्या विषयाचे प्रबंध काढून त्यांतील संदर्भसूचीची फाईल उघडावी आणि आपले नाव सापडले की प्रबंधाचे शीर्षक, विद्यापीठ, वर्ष व पृष्ठ टिपावे. फाईल छायाप्रतीची असेल तर शब्दशोध चालत नाही, डोळ्यांनीच वाचावे लागते. ग्रंथनामाचा देवनागरीत आणि रोमन लिपीत असा दोन्ही प्रकारे शोध घ्यावा. मराठी विश्वकोशातील नोंदींखालचे संदर्भ, विद्यापीठांचे अभ्यासक्रम आणि परीक्षणेही पाहावीत.

समाजावरील प्रभाव मांडताना साखळी दाखवावी लागते. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचे घरोघरी नवजात बालसेवेचे संशोधन याचा उत्तम नमुना आहे. प्रशिक्षित गावकरी महिलांनी 39 गावांत ही सेवा दिली, तुलनेसाठी दुसरी गावे घेतली, नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 2011 मध्ये केंद्र शासनाने आशा सेविकांमार्फत अशी सेवा देण्याचा कार्यक्रम आखला. येथे निबंध, निष्कर्ष, शासकीय मार्गदर्शिका आणि प्रत्यक्ष सेवा असा प्रत्येक दुवा कागदावर दाखवता येतो. आपले काम कितीही लहान असले, तरी शासननिर्णय, कृषी विभागाची शिफारस, ग्रामपंचायतीचा ठराव किंवा पाठ्यपुस्तकातील उल्लेख अशा दुव्यांच्या प्रती वेळच्या वेळी जपाव्यात. चार वर्षांनी मागायला गेल्यावर बहुधा संबंधित अधिकारी बदललेले असतात. अर्जात मग निवडक तीन-चार कामे घ्यावीत, प्रत्येकाचा नेमका उपयोग, त्यातील आपला वाटा आणि सहलेखकांचा वाटा स्पष्ट लिहावा, आणि जो दुवा कागदाने सिद्ध होत नाही तो दाव्यातून वगळावा.