क्रिप्टो अ‍ॅप निवडताना ‘शून्य फी’ला भुलू नका

फी शून्य असली तरी अ‍ॅपची कमाई बहुतेक वेळा खरेदी-विक्रीच्या भावातल्या फरकात दडलेली असते. तपासायला दोन मिनिटं पुरतात. दोन-तीन अ‍ॅप एकाच वेळी उघडा आणि एकाच नाण्याचा खरेदीचा व विक्रीचा भाव रुपयांत लिहून काढा. खरेदी १०१ आणि विक्री ९९ असेल, तर १०,००० रुपये गुंतवून लगेच विकल्यास हातात साधारण ९,८०२ येतात. बाजार हललाच नाही, तरी १९८ गेले! त्यापेक्षा ०.२ टक्के फी उघडपणे सांगणारं, ऑर्डर बुक (कोणत्या भावाला किती खरेदी-विक्रीच्या ऑर्डर आहेत त्याची यादी) दाखवणारं अ‍ॅप स्वस्त पडू शकतं. तिथे ‘मार्केट’ (मिळेल त्या भावाची) ऑर्डरऐवजी ‘लिमिट’ (तुम्ही ठरवलेल्या भावाची) ऑर्डर टाका. कमी उलाढालीच्या नाण्यात मार्केट ऑर्डर भलत्याच भावाला लागू शकते.

दुसरी परीक्षा पैसे काढण्याची. नाणी अ‍ॅपमधून स्वतःच्या वॉलेटमध्ये (नाण्यांची किल्ली तुमच्याच हाती असलेल्या डिजिटल पाकिटात) नेता येतात का, हे आधी बघा. काही ठिकाणी नेता येतच नाहीत. येत असतील तर आधी छोटी रक्कम पाठवा. नेटवर्क (नाणी ज्या ब्लॉकचेनवरून जातात ती) दोन्हीकडे एकच हवं, नाहीतर नाणी अडकू शकतात.

अ‍ॅपची नोंदणी केंद्राच्या ‘एफआययू-इंडिया’कडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी यंत्रणा) आहे ना, तेही पाहा. नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस अ‍ॅप बदलून चुकत नाही. त्यामुळे वर्षाचा सगळा हिशेब एका फाइलमध्ये देणारं अ‍ॅप बरं.